सर इयान होम : चरित्र अभिनयाची जडणघडण आणि रंगभयाचा प्रश्न

बीजसंज्ञा : चरित्र अभिनेता, रंगभय, संयत अभिनय, ‘किंग लिअर’, हॅरॉल्ड पिंटर

प्रस्तावना

नाटकाचे अध्यापन करताना नटाचा विचार आपण बहुधा नायकाच्या अंगाने करतो. लिअर कोणी उभा केला, हॅम्लेट कोणी उभा केला याची चर्चा होते. लिअरचा विदूषक किंवा हॅम्लेटमधील पोलोनियस कोणी साकारला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक नाटकाचा तोल अनेकदा या दुय्यम मानल्या गेलेल्या भूमिकांवरच सांभाळला जातो. ब्रिटिश अभिनेते सर इयान होम (१९३१-२०२०) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९५९ साली स्ट्रॅटफर्ड येथे चार्ल्स लॉटन यांच्या लिअरसमोर त्यांनी विदूषक केला आणि १९९७ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ते स्वतः लिअर झाले. या दोन भूमिकांमध्ये अडतीस वर्षांचे अंतर आहे. मात्र हा प्रवास सरळ चढणीचा नाही. १९७६ मध्ये ऐन बहराच्या काळात हा नट रंगमंचावर उभा राहू शकेनासा झाला आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ, मोजका अपवाद वगळता, रंगभूमीपासून दूर राहिला.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, चरित्र अभिनेता म्हणजे केवळ दुय्यम भूमिका करणारा नट, की ती अभिनयाची एक स्वतंत्र शिस्त आहे? दुसरा, होम यांना ग्रासणाऱ्या रंगभयाचा त्यांच्या अभिनयशैलीशी काही आंतरिक संबंध लावता येतो का?

‘चरित्र अभिनेता’ : संज्ञा आणि व्याप्ती

आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ ही संज्ञा प्रामुख्याने चित्रपटसृष्टीतून रूढ झाली. नायकाचे वडील, सावकार, शिक्षक, पोलीस अधिकारी, घरचा जुना नोकर अशा भूमिका करणारा नट, असा तिचा व्यवहारातील अर्थ. या अर्थात श्रेणीची कल्पना अंतर्भूत आहे. जो नायक होऊ शकला नाही किंवा ज्याचे नायकाचे वय सरले, तो चरित्र अभिनेता, असे गृहीत धरले जाते.

इंग्लंडमध्ये ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’ या संज्ञेलाही अशी छटा आहेच. परंतु तेथील नाट्यमंडळ्यांच्या व्यवस्थेने तिला वेगळे बळ दिले. तेथे ठरावीक नटसंच एकाच मोसमात अनेक नाटके करीत असे. एका नाटकातील राजपुत्र दुसऱ्या नाटकात दूत होई आणि तिसऱ्यात म्हातारा. या व्यवस्थेत नटाची ओळख त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या परिवर्तनक्षमतेवरून ठरू लागली. तारांकित नट प्रत्येक भूमिकेतून स्वतःच प्रेक्षकांना भेटतो, तर चरित्र अभिनेता भूमिकेच्या आड राहतो. हा फरक प्रतिष्ठेचा नसून पद्धतीचा आहे. होम यांची घडण याच पद्धतीत झाली.

घडणीचा काळ : १९३१ ते १९६४

इयान होम कथबर्ट यांचा जन्म १२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनच्या पूर्वेकडील एसेक्स परगण्यातील गुडमेझ येथे झाला. वडील मनोविकारतज्ज्ञ असून तेथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक होते. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेत होम यांनी नाट्यशिक्षण घेतले. मध्यंतरी सक्तीच्या लष्करी सेवेमुळे त्यात खंड पडला. १९५४ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या ‘ऑथेल्लो’त हातात भाला घेऊन उभ्या राहणाऱ्या सैनिकाच्या भूमिकेने त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली.

उंची सुमारे साडेपाच फूट, बांधा आटोपशीर, आवाज स्वच्छ पण गडगडाटी नव्हे. परंपरेने शेक्सपिअरच्या शोकनायकासाठी अपेक्षित असलेले भव्य व्यक्तिमत्त्व त्यांच्यापाशी नव्हते. विदूषक आणि ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील पक या १९५९ च्या त्यांच्या दोन्ही भूमिका शरीरयष्टीला साजेशा अशाच होत्या. जुन्या व्यवस्थेत कदाचित ते अशाच भूमिकांत अडकून राहिले असते.

परिस्थिती बदलली ती दिग्दर्शक पीटर हॉल यांच्यामुळे. १९६० मध्ये स्ट्रॅटफर्डची सूत्रे हाती घेतल्यावर हॉल यांनी नटांशी दीर्घ मुदतीचे करार केले आणि एक कायमस्वरूपी नटसंच उभा केला. हीच संस्था १९६१ पासून रॉयल शेक्सपिअर कंपनी म्हणून ओळखली जाऊ लागली. १९५६ मध्ये ब्रेख्त यांच्या बर्लिनर आन्सांबल या नाट्यसंस्थेने लंडनमध्ये केलेल्या प्रयोगांचा ठसा तेव्हाच्या तरुण दिग्दर्शकांवर उमटला होता. इतिहास हा वीरपुरुषांचा पराक्रम नसून सत्तेची यंत्रणा आहे, असा दृष्टिकोन त्यांच्या सादरीकरणातून व्यक्त होऊ लागला होता. या दृष्टीला भव्य नायक नको होता. डोळ्यांत भरणार नाही असा, माणसांच्या गर्दीतून पुढे आलेला सत्ताधीश हवा होता.

हॉल आणि जॉन बार्टन यांच्या ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ या नाट्यमालिकेत (१९६३-६४) होम यांनी तिसरा रिचर्ड केला. शेक्सपिअरच्या जन्मास चारशे वर्षे झाली त्या १९६४ च्या मोसमात त्यांनी राजपुत्र हॅल आणि पाचवा हेन्री या भूमिकाही केल्या. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४४ च्या चित्रपटातील हेन्री हा युद्धकाळातील राष्ट्राला स्फूर्ती देणारा वीर होता. त्यांच्या १९५५ च्या चित्रपटातील रिचर्ड हा प्रेक्षकांना दुष्टपणाच्या मोहात पाडणारा खलपुरुष होता. होम यांचा हेन्री मात्र चिखलात सैनिकांबरोबर चालणारा, थकलेला, हिशेबी राजा होता. नटाच्या देहाची जी मर्यादा समजली गेली होती, तीच येथे नाटकाच्या नव्या अन्वयार्थाचे साधन ठरली.

पिंटर आणि मौनाची कला

१९६५ साली हॉल यांनीच हॅरॉल्ड पिंटर यांचे ‘द होमकमिंग’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील लेनी ही भूमिका होम यांची होती. उत्तर लंडनमधील एका घरात म्हातारा बाप, काका आणि मुले राहतात. अमेरिकेत प्राध्यापक असलेला थोरला मुलगा पत्नी रूथ हिला घेऊन अचानक घरी येतो, आणि घरातील सत्तेचा तोल ढळू लागतो, असे हे कथानक.

पहिल्या अंकात रात्रीच्या वेळी लेनी आणि रूथ प्रथमच समोरासमोर येतात. लेनी आपल्या हिंसेच्या दोन लांबलचक कहाण्या सहज गप्पा माराव्यात तशा सांगतो. नंतर तो तिच्यापुढचा पाण्याचा पेला उचलू पाहतो, आणि त्या क्षुल्लक पेल्यावरून दोघांत सत्तेची झुंज सुरू होते. रूथ तिळमात्र विचलित होत नाही आणि प्रसंगाच्या अखेरीस धमकावणारा लेनीच गोंधळून जातो. हा प्रसंग आवाज चढवून केला तर फसतो. धमकी शब्दांत नसून शब्दांमागे आहे, आणि ती जितकी दाबलेली तितकी जाणवणारी आहे. होम यांच्या काटेकोर उच्चारांना आणि आवरलेल्या हालचालींना पिंटर यांची संहिता अचूक लाभली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हे नाटक सादर झाले तेव्हा होम यांना साहाय्यक अभिनेत्याचे टोनी पारितोषिक मिळाले. नाटकालाही त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट नाटकाचे टोनी मिळाले. १९७३ च्या चित्रपटातही लेनीची भूमिका त्यांनीच केली असून तो आज अभ्यासकांना उपलब्ध आहे.

येथे होम यांच्या शैलीचे मर्म स्पष्ट होते. भावना व्यक्त करणे हे अभिनयाचे कार्य आहे असे आपण मानतो. होम यांचा अभिनय भावना रोखून धरण्याच्या क्रियेवर उभा आहे. पात्र काहीतरी दडवीत आहे हे प्रेक्षकाला दिसते, काय दडवीत आहे हे मात्र उशिरा कळते.

रंगभय : १९७६ चा खंड

१९७६ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने लंडनच्या ऑल्डविच नाट्यगृहात युजीन ओनील यांचे ‘द आइसमन कमेथ’ हे नाटक सादर केले. त्यात हिकी ही प्रमुख भूमिका होम यांच्याकडे होती. शेवटच्या अंकात हिकीचे अतिदीर्घ स्वगतवजा कथन आहे; पत्नीच्या हत्येची कबुली तो त्यात हळूहळू देतो. प्रयोग अधिकृतपणे सुरू होण्यापूर्वीच्या पूर्वप्रयोगांत होम रंगमंचावर गोठले. ते रंगपटात गेले आणि परत येऊ शकले नाहीत. वीस-बावीस वर्षांचा अनुभव असलेला, शेक्सपिअरच्या प्रमुख भूमिका पेललेला हा नट होता.

रंगभय हा नवशिक्यांचा विकार आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. नवशिक्या नटाची भीती बहुधा पहिल्या प्रवेशाबरोबर ओसरते. अनुभवी नटाची भीती अनेक वर्षांनंतर, कोणतीही पूर्वसूचना न देता येऊ शकते. ऑलिव्हिए यांना १९६० च्या दशकात, कीर्तीच्या शिखरावर असताना या भयाने कित्येक वर्षे छळले. डेरेक जेकबी यांनाही काही काळ रंगभूमीपासून दूर राहावे लागले. संकटाच्या वेळी शरीर जी लढण्याची वा पळण्याची सिद्धता करते तीच येथे होते : हृदयाचे ठोके वाढतात, तोंड कोरडे पडते, स्नायू ताठरतात. परंतु नटाला पळताही येत नाही आणि लढायला समोर शत्रूही नसतो. त्यातच आजवर आपोआप येणारे वाक्य ‘पुढे काय?’ असे जाणीवपूर्वक आठवू गेले की तेच निसटते. जे सवयीने चालते त्यावर लक्ष रोखले की ते अडखळते.

होम यांच्या बाबतीत प्रस्तुत लेखकास एक अन्वयार्थ सुचतो. ज्या नटाची सारी कला स्वतःवरील नियंत्रणावर उभी आहे, त्याला नियंत्रण सुटण्याचे भय अधिक असणे संभवते. मोकळेपणाने अभिनय करणारा नट चुकला तर त्या चुकीलाही सामावून घेतो. क्षणाक्षणाचा तोल सांभाळणाऱ्या नटाला एक क्षण निसटला तरी सर्वच निसटल्यासारखे वाटते. म्हणजेच त्यांचे बळ आणि त्यांचे भय यांचे मूळ एकच असावे. हे वैद्यकीय निदान नव्हे. त्यांच्या भूमिकांच्या वाचनातून निघणारे अनुमान आहे.

चित्रपटाचा आश्रय : १९७९ ते १९९२

चित्रपट होम यांना नवा नव्हता. ‘द बोफर्स गन’ (१९६८) मधील भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळाले होते. परंतु १९७६ नंतर कॅमेरा हेच त्यांचे मुख्य क्षेत्र झाले. चित्रीकरणात तीन तासांचा अखंड प्रयोग नसतो; एकेक तुकडा स्वतंत्र असतो आणि चूक झाली तर पुन्हा चित्रित करता येतो. शिवाय कॅमेरा इतका जवळ असतो की दडवलेली भावना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची गरज उरत नाही. रंगमंचावर ज्या ताणाने त्यांना कोंडले, तोच ताण पडद्यावर गुण ठरला.

रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) मधील अ‍ॅश हा अंतराळयानावरील विज्ञान अधिकारी हे याचे उत्तम उदाहरण होय. नियमाने विलगीकरण आवश्यक असताना तो यानाचे दार उघडतो. परजीव बाहेर आल्यावर त्याला हात लावू नका असे सहकाऱ्याला बजावतो. पहिल्यांदा पाहताना ही सहृदयता आणि सावधगिरी वाटते. अ‍ॅश हा मनुष्य नसून यंत्रमानव आहे आणि परजीव सुरक्षित आणणे हेच त्याला नेमून दिलेले काम आहे, हे पुढे उघड होते. मग त्या प्रत्येक कृतीचा अर्थ उलटतो. दुसऱ्यांदा पाहताना जाणवते की होम यांनी कोठेही फसवणूक केलेली नाही. सर्व खुणा प्रारंभापासून चेहऱ्यावर होत्या.

‘चॅरिअट्स ऑफ फायर’ (१९८१) मध्ये त्यांनी सॅम मुसाबिनी या धावण्याच्या प्रशिक्षकाची भूमिका केली. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची शर्यत जिंकणारा हॅरॉल्ड एब्राहम्स हा त्याचा शिष्य. मुसाबिनी हा पैसे घेऊन शिकवणारा व्यावसायिक, त्यामुळे हौशी खेळाडूंच्या त्या जगात तो अस्पृश्यवत होता. चित्रपटात तो मैदानात नसतो. जवळच्या खोलीत एकटा बसलेला असतो. खिडकीतून ब्रिटिश ध्वज वर चढताना दिसतो, राष्ट्रगीत ऐकू येते, आणि शिष्य जिंकल्याचे त्याला कळते. तो पलंगावर बसतो आणि आपल्या गवती टोपीत मूठ मारून ती फाडतो. आयुष्यभराच्या उपेक्षेचा आणि आनंदाचा निचरा त्या एका कृतीत होतो. शर्यतीचा विजय नायकाचा आहे. त्या विजयाची किंमत मात्र चरित्र अभिनेत्याच्या दृश्यातून कळते. या भूमिकेसाठी होम यांना कान महोत्सवात आणि बाफ्टामध्ये साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. ऑस्करचे नामांकनही झाले.

याच वर्षी बीबीसी नभोवाणीवरील ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या २६ भागांच्या मालिकेत त्यांनी फ्रोडोला आवाज दिला. नेपोलियनची भूमिका त्यांनी तीन वेळा केली : १९७४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत प्रेमजीवनाच्या अंगाने, ‘टाइम बँडिट्स’ (१९८१) मध्ये विनोदी अंगाने आणि ‘द एम्परर्स न्यू क्लोद्स’ (२००१) मध्ये हद्दपारीतील वृद्ध म्हणून. १९६४ मध्ये स्वतः पाचवा हेन्री केलेल्या या नटाने केनेथ ब्रॅना यांच्या १९८९ च्या चित्रपटात त्याच नाटकातील फ्लुएलन हा वेल्श अधिकारी केला, तर फ्रँको झेफिरेली यांच्या ‘हॅम्लेट’ (१९९०) मध्ये पोलोनियस. नायकाकडून दुय्यम भूमिकेकडे येण्यात त्यांना कमीपणा वाटल्याचे या भूमिकांतून कोठेही दिसत नाही.

पुनरागमन : ‘मूनलाइट’ ते ‘किंग लिअर’

१९९३ मध्ये लंडनच्या आल्मेडा या लहान नाट्यगृहात पिंटर यांच्या ‘मूनलाइट’ या नव्या नाटकाद्वारे होम रंगभूमीवर परतले. अँडी हा मृत्युशय्येवर पडलेला, कडवट जिभेचा माणूस. जवळजवळ सर्व भूमिका अंथरुणात. परिचित नाटककार, लहान प्रेक्षागृह, बंदिस्त अवकाश. भयातून बाहेर पडणाऱ्या नटाला याहून अनुकूल वाट क्वचितच मिळाली असती.

पुढील वर्षी ‘द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज’ या चित्रपटात त्यांनी वेडाचे झटके आलेल्या तिसऱ्या जॉर्जवर उपचार करणारा डॉ. विलिस केला. नजरेच्या जरबेने आणि बांधून ठेवण्याच्या सक्तीने राजाला ताळ्यावर आणणारा हा वैद्य मनोरुग्णालयाच्या अधीक्षकाच्या मुलाने साकारावा, हा योग लक्षणीय आहे. बरा होऊ लागलेला राजा त्या चित्रपटात ‘किंग लिअर’चेच वाचन करतो.

१९९७ मध्ये रिचर्ड आयर यांनी नॅशनल थिएटरच्या कॉटस्लो या सुमारे तीनशे आसनांच्या नाट्यगृहात ‘किंग लिअर’ सादर केले. होम तेव्हा ६५ वर्षांचे होते. हे नाटक राज्याच्या पतनापेक्षा एका कुटुंबाच्या विघटनाचे म्हणून उभे केले होते. लिअर हा डोंगराएवढा राजा नसून घरातल्यांना धाकात ठेवणारा, ठेंगणा, संतापी बाप होता. वादळाच्या प्रवेशात होम पूर्णतः विवस्त्र झाले. संयमासाठी ओळखल्या जाणाऱ्या, प्रेक्षकांच्या भयाने रंगमंच सोडलेल्या नटाने प्रेक्षकांपासून हाताच्या अंतरावर सर्व आवरणे टाकून उभे राहणे, ही केवळ दिग्दर्शकीय क्लृप्ती म्हणता येणार नाही. आयुष्यभर जे रोखून धरले ते येथे सुटले, आणि आधी रोखले होते म्हणूनच त्याचा आघात झाला. या भूमिकेसाठी त्यांना १९९८ मध्ये ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ‘सर’ हा किताब मिळाला आणि बीबीसीने या लिअरचे दूरचित्रवाणी रूप प्रसारित केले.

मराठी वाचकाला लिअरची वेदना वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधून परिचित आहे. तेथे रंगभूमीवरून निवृत्त झालेला नट जीवनात लिअरच्या वाटेने जातो. होम यांच्या बाबतीत उलट घडले. रंगभूमी सुटलेला नट लिअरच्या वाटेने रंगभूमीवर परतला.

१९९७ मध्येच अ‍ॅटम इगोयान यांच्या ‘द स्वीट हिअरआफ्टर’ या चित्रपटात होम यांना दुर्मीळ अशी प्रमुख भूमिका लाभली. शाळेच्या बसच्या अपघातात मुले गमावलेल्या गावात खटला उभा करू पाहणारा वकील मिचेल स्टीव्हन्स स्वतःही व्यसनाधीन मुलीला गमावून बसला आहे. विमानप्रवासात तो एक आठवण सांगतो : लहानपणी मुलीला विषारी दंश झाला, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत गळा सुजलाच तर श्वासमार्ग मोकळा करण्यासाठी तो हातात चाकू घेऊन तिला गोंजारीत राहिला. होम हे सारे जवळजवळ निर्विकार स्वरात सांगतात. या भूमिकेसाठी त्यांना कॅनडाचे जिनी पारितोषिक मिळाले.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटमालिकेतील बिल्बो बॅगिन्स (२००१, २००३) या भूमिकेने ते जगभरच्या नव्या पिढीला माहीत झाले. नभोवाणीवरील फ्रोडो पडद्यावर त्याचा वृद्ध आप्त झाला. १९ जून २०२० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत त्यांना पार्किन्सनचा आजार होता.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, चरित्र अभिनय ही नायकपदाखालची पायरी नसून पात्राला स्वतःपेक्षा पुढे ठेवण्याची शिस्त आहे. होम यांनी हेन्री आणि फ्लुएलन, विदूषक आणि लिअर या भूमिका एकाच निष्ठेने केल्या. त्याचबरोबर ही शिस्त नटाकडून मोठी किंमत वसूल करू शकते, हेही १९७६ च्या खंडावरून दिसते. रंगभय म्हणजे अभिनयक्षमतेचा अभाव नव्हे, आणि रंगमंचापासून काही काळ दूर राहणे म्हणजे कारकिर्दीचा शेवट नव्हे.

महाविद्यालयीन अध्यापनात याचा थेट उपयोग आहे. वार्षिक संमेलनात किंवा एकांकिका स्पर्धेत एखादा विद्यार्थी रंगमंचावर गोठला की आपण त्याचे नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून सहज वगळतो. त्याऐवजी त्याला लहान अवकाश, कमी हालचाल आणि परिचित दिग्दर्शक देऊन पुन्हा उभे करता येते. ‘मूनलाइट’ने होम यांच्यासाठी बरेचसे असेच केले. तसेच ‘किंग लिअर’ शिकवताना प्रथम विदूषकाच्या बाजूने आणि मग राजाच्या बाजूने संहिता वाचण्याचा प्रयोग करून पाहावा. विदूषक तिसऱ्या अंकानंतर नाटकातून नाहीसा होतो आणि त्याविषयी संहिता काहीच सांगत नाही. ही रिक्तता विद्यार्थ्यांच्या लक्षात आली, तर दुय्यम भूमिकेचे मोल त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.